बॉयलरमधलं शिसं

१

गार्डसाहेबांनी जन्मात कधी हिरवा झेंडा हलवला नव्हता, शिट्टी फुंकली नव्हती, आणि रेल्वेच्या नोकरीत तर एक दिवसही काढला नव्हता. समोरच्या लॉन्ड्रीवाल्याने एकदा त्यांच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं, टेबलावर रुळांचं वेटोळं आणि त्यावर फिरणारं वीतभर इंजिन दिसलं, आणि त्याने तिथल्या तिथे हे नाव ठेवून दिलं. ते चिकटलं. पुढे बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "काय गार्डसाहेब, जेवायला येताय, का अजून सिग्नल पडायचाय?"

त्यांचा धंदा ऐकून लोकांना आधी हसू यायचं. माळ्यावर, कपाटात वर्षानुवर्षं पडलेली खेळण्यातली जुनी इंजिनं उघडायची, पुसायची, तेल द्यायचं आणि पुन्हा चालती करायची. 'खेळणं' म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. मॉडेल म्हणा, असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. चाकांवर चढलेला काळा थर ते स्पिरिटच्या बोळ्याने काढत, आसांभोवती गुंडाळलेले केस नि लोकर चिमट्याने ओढून काढत, आणि तेल देत ते थेंबभर, तेही सुईच्या टोकावरून. "इंजिनं उपासाने मरत नाहीत, लाडाने मरतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायको त्यावर म्हणे, "मग मी अमर आहे म्हणायची."

ही बायको आता मागच्या खोलीत पलंगावर होती. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आणलं. रोज सकाळी तिच्या काखेत हात घालून तिला पलंगावरून उचलायचं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं, आणि जेवणानंतर पुन्हा पलंगावर न्यायचं, हे काम गार्डसाहेबांकडे आलं होतं. बाई हाडापेराने भक्कम. पहिल्याच आठवड्यात त्यांची कंबर धरली. उचलताना ती कण्हायची कमी आणि बोलायची जास्त. "अहो, इंजिन नाहीये मी, हळू!" तिचं ते बोलणं घरभर ऐकू यायचं, आणि ते ऐकू येतंय तोवर सगळं ठीक आहे, एवढं गार्डसाहेबांना कळत होतं.

२

ते हिरवं इंजिन दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आणून दिलं. "बाबांचं आहे," त्या म्हणाल्या. "त्यांचं कपाट रिकामं करतेय. चालतं झालं तर दवाखान्यात ठेवीन म्हणते. खुर्चीत बसलं की पोरं भोकाड पसरतात, तेवढंच त्यांचं लक्ष जाईल."

इंजिन देखणं होतं. गडद हिरवा रंग, पितळी घुमट, चाकांना जोडणारे दांडे एकसारखे सरळ. मोटर धड होती. आसांत धुळीशिवाय काही नव्हतं. अर्ध्या दिवसात काम उरकलं, रुळांवर ठेवलं, मागे चार डबे जोडले, आणि कंट्रोलरचं बटण फिरवलं. चाकं फिरली. इंजिन मात्र जागचं हललं नाही. चाकं रुळांवर नुसती घसरत राहिली, चिकण मातीत रुतलेल्या सायकलसारखी.

गार्डसाहेबांनी ते हातात घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एवढं मोठं इंजिन, आणि वजन काहीच नाही. धुराड्याखालचा स्क्रू काढून त्यांनी वरचं कवच उचललं. बॉयलरचं पोट रिकामं होतं. अशा इंजिनांच्या पोटात शिशाचा ठोकळा असतो. त्या वजनाने चाकं रुळाला धरून राहतात आणि गाडी ओढली जाते. शिसं नाही तर ओढ नाही, इतकं ते सोपं आहे. इथे तो ठोकळा कुणीतरी काढून टाकला होता. नुसता काढला नव्हता, पटाशीने ओरबाडून काढला होता. आतल्या धातूवर आडवेतिडवे चरे होते, घाईघाईत मारलेले.

"कोण हा शहाणा?" गार्डसाहेब स्वतःशीच म्हणाले. चांगल्या इंजिनाचं असं पोट फाडलेलं पाहून त्यांना खरोखरच राग आला. दुसऱ्या कुणी थोडा विचार केला असता की हे मुद्दाम काढलंय, तर का काढलं असेल. पण दुरुस्ती करणाऱ्या माणसाला मोडलेलं दिसलं की ते नीट करायचं एवढंच सुचतं, त्याचा हात डोक्याच्या आधी पुढे जातो. त्यांनी खणातून शिशाचा पत्रा काढला, कापला, गुंडाळला, लाकडी हातोडीने ठोकून बॉयलरच्या आकाराचा केला आणि आत बसवला. वर आणखी एक पट्टी घुसवली. हातचं राखून काम करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मग कपाटात होते नव्हते तेवढे डबे त्यांनी मागे जोडले. बटण फिरवलं. इंजिनाने एकदा दम खाल्ला आणि सगळी माळ ओढत ते वेटोळ्यावरून निघालं.

"अगं, ऐकतेस का?" ते तिथूनच ओरडले. "ओढतंय बघ! सगळे डबे ओढतंय!"

"ओढू दे," मागच्या खोलीतून आवाज आला. "मी इथे चहाची वाट बघत वाळत पडलेय, तिकडे कुणी बघू नका."

३

काम झालं की चाकं शेवटची पुसून, इंजिन फडताळात कापसावर ठेवायचं, ही त्यांची पद्धत. हिरवं इंजिनही तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोक्यात बांधायला म्हणून ते बाहेर काढलं, तर सहाही चाकांच्या कडांवर काळी रेघ.

ती रेघ गार्डसाहेबांना चांगली ओळखीची होती. रुळांवरून चाललेल्या चाकालाच ती धरते, कापसावर बसलेल्याला नाही. त्यांनी ऐनक पुसली, चाकं पुन्हा पाहिली आणि स्वतःवरच चरफडले. म्हणजे आपण पुसलीच नाहीत! साठी उलटली की असंच व्हायचं. त्यांनी बोळा घेतला, चाकं लख्ख केली, आणि या वेळी खात्री म्हणून बोटाने फिरवून पाहिली.

पुढच्या दुपारी जेवणं झाली, बायकोला पलंगावर नेलं, तिचा डोळा लागला. गार्डसाहेब दर्शनी खोलीत पेपर घेऊन पडले. गल्लीत सामसूम होती. लॉन्ड्रीवाल्यानेही दुपारचं दार ओढून घेतलं होतं. पेपर तोंडावर घेऊन ते पेंगत असताना त्यांना बारीक घूंऽ असा आवाज ऐकू आला. मोटरचा. तो या खोलीतून निघाला, मधल्या बोळातून चपलांच्या रॅकशेजारून गेला आणि मागे कुठेतरी थांबला.

ते उठले तेव्हा आवाज नव्हता. इंजिन फडताळात होतं. चाकांवर काळी रेघ होती. त्यांनी घुमटावर हात ठेवला, तर पितळ कोमट लागलं. ऊन येत असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. फडताळ खिडकीच्या आड होतं आणि तिथे बारा महिने ऊन येत नसे. हे माहीत असलेल्या माणसालाच ते हे सांगत होते.

४

व्यायाम घ्यायला एक बाई सकाळी येत असे. हसतमुख, गोड बोलणारी. तिच्यासमोर गार्डसाहेबांनी बायकोला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवलं, तशी ती म्हणाली, "काका, काय सहज उचलता हो आता! आधी किती घामाघूम व्हायचात. कंबर बरी झाली वाटतं?"

"सवय झाली," गार्डसाहेब फुशारकीने म्हणाले.

बाई गेल्यावर ते स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायला वळले आणि तिथेच उभे राहिले. सवय झाली म्हणून उचलायची युक्ती कळते. ओझं कमी होत नाही. आणि आज त्यांना युक्ती करावीच लागली नव्हती. कालच्यापेक्षा ती आज हलकी होती. काल परवापेक्षा.

त्यांनी चहा तिच्या हातात दिला. तो पाणचट झाला होता, हे त्यांना स्वतःलाच कळलं होतं.

"छान झालाय," बायको म्हणाली.

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी केलेल्या चहाला ती असं म्हणाली नव्हती. "खरं सांग की," ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "गटारात ओतू का, विचार."

"नाही हो. चांगला आहे. तुम्ही किती करता माझ्यासाठी."

ती हे अदबीने बोलली. एखाद्या घरी पहिल्यांदा गेल्यावर माणूस बोलतो तसं. चेहरा तर टवटवीत होता, गाल भरलेले, डोळे स्वच्छ. आजारी माणूस वाळतं, खंगतं, हे गार्डसाहेबांना ठाऊक होतं, पण हिचं तसं काहीच दिसत नव्हतं. दिसायला सगळी जागच्या जागी होती. फक्त दुपारी ती झोपली असताना त्यांनी वाकून पाहिलं तर डोक्याखालची उशी फुगलेलीच होती. तिला खळगा पडला नव्हता. पलंगावरची चादर सकाळी घातली तशीच, बिनसुरकुतीची.

न्हाणीघरातला वजनाचा काटा त्यांनी उचलून आणला. पलंगाजवळ ठेवला. मग त्याच्याकडे बघत बसले.

"हे कशाला?" ती जागी होऊन म्हणाली.

"काही नाही. तिथे पाय लागत होता," ते म्हणाले, आणि काटा त्यांनी कपाटामागे सरकवून टाकला. आकडा बघायची हिंमत त्यांना झाली नाही.

५

त्या रात्रीपासून गार्डसाहेबांना बसवेना. जेवताना उठत, पेपर वाचताना उठत, एकदा तर दाढी अर्धी टाकून मागच्या खोलीत गेले. बायको त्यांना बघून नुसती हसायची. पूर्वी तिने म्हटलं असतं की अंगात वारं शिरलंय का, आणि त्यांना बरं वाटलं असतं.

तरी हात स्वस्थ नव्हते. हिरव्या इंजिनाची मोटर उघडून त्यांनी तिच्यातले कार्बन काढले. तांदळाच्या दाण्याएवढे दोन काळे तुकडे. ते नसले की वीज मोटरपर्यंत पोचतच नाही, आणि मग वरून देव उतरला तरी इंजिन हलत नाही. ते दोन तुकडे त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले, वरून बटण लावलं.

दुपार झाली. ते बोळाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले. बसले म्हणजे बसणं-उठणं चालू होतं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

घूंऽ आवाज आला. दिसलं काही नाही. बोळात फरशी होती, चपला होत्या, त्यांचे स्वतःचे पाय होते, आणि आवाज त्या पायांपासून हातभर अंतरावरून गेला. हलका, भरभर. आयुष्य इंजिनांत घालवलेल्या माणसाला एवढं डोळे मिटूनही कळतं. मोकळं इंजिन असं चालतं, मागे काही नसलं की.

दाराखालून आवाज आत गेला आणि थांबला. गार्डसाहेबांना उठता येईना. मघापासून जागेवर न टिकणारा माणूस आता स्टुलाला खिळला होता.

मग आवाज परत निघाला. आता तो वेगळा होता. जड, खालच्या पट्टीतला, दम लागलेला. मोटर कण्हत होती. चाकं रुळाला घट्ट धरून, इंचाइंचाने. भरलेली गाडी ओढणारं इंजिन. आत जाताना मोकळं, बाहेर येताना भरलेलं.

त्यांनी धावत जाऊन फडताळ उघडलं. इंजिन कापसावर होतं. चाकं काळी. खिशाचं बटण लावलेलं, आणि आत ते दोन तुकडे जसेच्या तसे. मग ते मागच्या खोलीत गेले आणि झोपलेल्या बायकोच्या पाठीखाली हात घालून तिला किंचित उचललं. उचललं आणि लगेच खाली ठेवलं, कारण हाताला लागलं ते फक्त लुगडं आणि ऊब.

६

पळवाट शोधायची म्हणून इंजिन त्यांनी फडक्यात बांधून लॉन्ड्रीवाल्याकडे ठेवायला दिलं. "एक दिवस असू दे रे तुझ्याकडे. घरात जागा नाही."

"गार्डसाहेब, तुमच्या घरात जागा नाही आणि माझ्याकडे मैदान पडलंय होय!" तो हसला, पण ठेवून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी आणून देताना म्हणाला, "गुणी आहे हो तुमचं इंजिन. जागचं हललं नाही."

इंजिन त्याच्याकडे असतानाही दुपारी घरात आवाज आला होता. जाताना मोकळा, येताना भरलेला. गार्डसाहेबांनी फडकं सोडलं तेव्हा चाकं काळी होती. मग टाकून देण्यात, पुरण्यात, जाळण्यात काही अर्थ नव्हता.

शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"झालं का काम?" त्या म्हणाल्या. "पण मी गावाला आलेय हो. आले की नेते."

"काम झालं. एक विचारायचं होतं. त्याच्या पोटातलं शिसं कुणी काढलं?"

"शिसं? अच्छा, ते. बाबांनी काढलं. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा. घरात एवढं मोठं आजारपण आणि हे पटाशी घेऊन खेळण्याशी झटापट करत बसलेले. आम्ही सगळे किती चिडलो होतो."

'खेळणं' या शब्दावर गार्डसाहेब या वेळी काही बोलले नाहीत. "आई कशा आहेत आता?" त्यांनी विचारलं.

"आई? ठणठणीत. अजून स्वतः स्वयंपाक करते, कुणाचं ऐकत नाही."

"आणि वडील..."

"ते त्याच वर्षी गेले ना. आई उठून हिंडायला लागली, आणि ते... बाबांना उचलायला गेलेले लोक सारखे एकमेकांकडे बघत होते, एवढंच आठवतंय मला. का हो?"

"काही नाही," गार्डसाहेब म्हणाले. "सहज."

फोन ठेवून ते टेबलाशी आले. धुराड्याखालचा स्क्रू काढला, कवच उचललं, आणि आपणच ठोकून बसवलेलं शिसं पटाशीने ओरबाडून काढायला लागले. बोटाला लागलं, रक्त आलं, तरी थांबले नाहीत. ठोकळा निघाला, वरची पट्टीही निघाली. ती टेबलावर टाकून त्यांनी रिकामं इंजिन हातात घेतलं.

ते तेवढंच जड होतं. शिसं टेबलावर पडलं होतं, बॉयलरच्या पोटात आरपार उजेड दिसत होता, आणि इंजिनाने त्यांचं मनगट खाली ओढलं. एकदा शिकलेलं ते विसरलं नव्हतं.

७

ती दुपार त्यांनी मागच्या खोलीत जमिनीवर काढली. पलंगाशेजारी पोटावर आडवे झाले, गाल फरशीला टेकवला. वयाला न शोभणारा प्रकार होता. व्यायामाची बाई आली असती तर तिने त्यांनाच धरून उठवलं असतं. पलंगावरून चादर खाली लोंबत होती आणि तिच्या काठाखाली चार बोटांची फट होती. त्या फटीतून पलंगाखालचा अंधार दिसत होता, पलीकडची भिंत, आणि एक कधीची पडलेली साडीची पिन.

त्यांची बुद्धी अजून शाबूत होती आणि ती आपलं काम करत होती. तुला झोप नाही, ती म्हणत होती. काळजीने माणसाला काहीही ऐकू येतं. बायको म्हातारी झाली, हाडं पोकळ झाली, एवढंच आहे. उठ, हातपाय धू, चांगल्या डॉक्टरला दाखव. गार्डसाहेबांना हे सगळं पटत होतं. पटत असतानाच आवाज दाराखालून आत आला.

तो पलंगाखाली शिरला तेव्हा पलीकडच्या भिंतीवर पिवळसर उजेड पडला. एक चौकोन, मग त्यामागे दुसरा, मग तिसरा, सरकत गेलेले. खिडक्यांचा उजेड असाच पडतो, गाडी चालली की. चादरीचा काठ वाऱ्याने किंचित हलला. त्यांनी मान आणखी खाली घातली, एक डोळा फटीला लावला. ओळीतल्या एका खिडकीचा पडदा आतून कुणीतरी बोटाने बाजूला केला. आणि तिथून जे बघत होतं त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते वर बघत होतं, गादीच्या खालच्या बाजूकडे, खूप वेळ ताटकळलेल्या माणसासारखं.

गार्डसाहेबांनी डोळा मिटला. पुन्हा उघडेपर्यंत भिंत रिकामी होती. वरून बायकोचा आवाज आला, मऊ, आर्जवी.

"होते हं तयार. एकच दिवस."

ती हे त्यांच्याशी बोलली नव्हती.

८

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी तिला पलंगावर नेलंच नाही, असं म्हणायला हरकत नाही. नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. खुर्चीतून तिचा दंड धरला आणि ती त्यांच्याबरोबर आली. त्यांनी तिला निजवलं, आपण तिच्याशेजारी पलंगाच्या कडेवर बसले, चपला खाली काढल्या आणि दोन्ही हातांनी तिला कवटाळलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा त्यांनी भर दुपारी असं धरलं नव्हतं. लाज वाटायची. आता कशाचीही लाज वाटत नव्हती. ही गेली तर या घरात बोलणारं कुणी राहणार नाही, आणि बोलणारं कुणी नसलेल्या घरात आपण इंजिनं पुसत बसणार, हे त्यांना उघड दिसत होतं. त्यांना ते नको होतं. बाकी त्यांनी कसलाही हिशेब केला नाही.

आवाज आला, पलंगाखाली थांबला.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "सोडा ना आता. सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत."

"असं नका करू. बरं दिसत नाही."

"न दिसू दे," ते म्हणाले आणि हात आणखी आवळले.

खाली इंजिनाने जोर लावला. गार्डसाहेबांना ते हातांत जाणवलं. तिला कुठूनतरी खालून, गादीतून, ओढ लागली होती. त्यांनी पाय पलंगाच्या दांडीला अडकवले. मोटर कण्हली, आणखी कण्हली, आणि मग त्यांना तो आवाज ऐकू आला जो ऐकायला ते देवाला नवस बोलले असते. चाकं घसरत होती. जागच्या जागी, सर्र, सर्र, रुळांवर नुसतीच फिरत. ओझं झेपत नव्हतं. दोघांचं मिळून जास्त होत होतं.

"नाही जात," ते तिच्या कानाशी म्हणाले. "बघ. नाही नेता येत त्याला."

चाकं थांबली. खोलीत काही हललं नाही. गल्लीतून एक सायकल गेली, तिची घंटी वाजली. मग पलंगाखाली लोखंडावर लोखंड टेकल्याचा बारीक आवाज झाला. डबा जोडताना कडी आकड्यात पडते, तो. गार्डसाहेबांनी तो हजार वेळा ऐकला होता आणि स्वतःच्या बोटांनी केला होता. आजवर तो त्यांना पायाच्या घोट्यापाशी कधी जाणवला नव्हता.

गाडी हलली. चाकं घसरली नाहीत. जड, सावकाश, ठरलेल्या चालीने ती पलंगाखालून निघाली, दाराशी गेली, बोळात गेली. गार्डसाहेबांनी डोळे घट्ट मिटले होते आणि मिठी सोडली नव्हती.

आणि त्या मिठीत ती जड झाली. आधी उशी दबली, मग गादी, मग पलंगाने करकर केली. तिचं कोपर त्यांच्या बरगडीत रुतलं आणि चांगलंच दुखलं. एवढं सुखाचं दुखणं त्यांनी आयुष्यात सोसलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"अहो, दंड सोडा माझा!" ती खेकसली. "एक हाड मोडलंय तेवढं पुरे नाही का?" खणखणीत, घरभर ऐकू जाणारा आवाज. "आणि घसा कोरडा पडलाय माझा. पाणी ठेवायची पद्धत आहे का नाही या घरात? किती वेळ झोपले मी?"

गार्डसाहेब हसत सुटले. त्यांनी हात सोडले, तांब्या घ्यायला वळले, आणि तांब्या त्यांना उचलवला नाही. दोन्ही हातांनी धरला तरी नाही. ते पुन्हा पलंगाच्या कडेवर, तिच्या अगदी जवळ, येऊन बसले.

ती कोपरांवर रेटून स्वतःची स्वतः उठून बसली होती. तिने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग जमिनीवरच्या त्यांच्या चपलांकडे.

"गेलात कुठे?" ती म्हणाली. "या, बसा इथे जरा." आणि तिने शेजारची गादी हाताने थोपटली, जिथे गार्डसाहेब केव्हाचे बसले होते.